उपाशीपोटीच्या एका आकड्यावर आम्ही आठ वर्षं काढली

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं तर कापा, फक्त मधलं पायाचं तेवढं ठेवा.

झालं काय, परवा आमच्या चौकात बॅनर लागला. १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन, मोफत शुगर तपासणी शिबिर, आणि खाली दहा-बारा फोटो, त्यातल्या निम्म्यांना तरी शुगर असणार असं आमच्या ह्यांचं म्हणणं. १४ नोव्हेंबर म्हणजे इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस, म्हणून तो दिवस धरलाय. शिबिराला माझा विरोध नाही. त्यात ज्याला माहीतच नाही त्याला कळतं, ते चांगलंच आहे. पण ज्याला आधीपासून शुगर आहे तो माणूस तिथं जातो, बोटाला सुई टोचून घेतो, मशीनवर १२८ दिसलं की तिथला मुलगा म्हणतो "काका एकदम कंट्रोल", आणि काका वर्षभर त्या कागदावर जगतात. आमचे हे असेच जगले, एक वर्ष नाही, आठ वर्षं.

ह्यांना शुगर निघाली २००९ ला, तेव्हा ते ४६ वर्षांचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी, त्यामुळं साखरेवरून जेवढे जोक असतील तेवढे सगळे आमच्या घरात होऊन गेलेत, तुम्ही नवीन करू नका. अंगानं काटकुळे, पोट जरा पुढं एवढंच. सगळे म्हणायचे ह्या काडीला कसली शुगर. मला पण तसंच वाटायचं. खूप नंतर थोरल्या मुलानं सांगितलं (त्याचं मेडिकल दुकान आहे, तो असलं वाचत असतो) की पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी हेच तर दाखवलंय, आपली माणसं दिसायला बारीक पण आत चरबी जास्त. त्यांचा स्वतःचाच एक फोटो आहे म्हणे एका इंग्रज डॉक्टरबरोबर, २००४ ला लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या मासिकात छापलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच २२.३, पण त्या इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. म्हणजे वजनकाट्यावर दोघं एकच. आमच्या ह्यांना हे लय आवडलं, काट्यावरच्या माणसाला काटा फसवतो म्हणून.

तर शुगर निघाली, गोळी चालू झाली, आणि दर तीन-चार महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी लॅबला जायचं असं सुरू झालं. आता जे सांगणार आहे ते घराघरात चालतं, कुणी कबूल करत नाही एवढंच. लॅबला जायच्या आधी दोन दिवस आमच्याकडं परीक्षेचं वातावरण असायचं. चहा बिनसाखरेचा, भात बंद, रात्री एक भाकरी आणि पालेभाजी, दोन्ही दिवस संध्याकाळी तासभर चालणं. मग रिपोर्ट यायचा ११८, १२५, कधी १३१. हे कागद घेऊन घरात यायचे तेव्हा तोंडावर दहावी पास झाल्याचा आनंद, आणि त्याच दिवशी दुपारी श्रीखंड. जेवल्यानंतरची शुगर कधी बघितलीच नाही, कारण लॅबला दिवसातून दोनदा कोण जाणार, कामावर खाडा होतो. डॉक्टर पण रिपोर्ट बघून म्हणायचे ठीक आहे, हीच गोळी चालू ठेवा. मी डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांना आम्ही जे दाखवलं तेच त्यांनी बघितलं.

आणि त्रास? काहीच नव्हता. हाच तर घोळ आहे. शुगर दोनशे-सव्वादोनशे असली तरी माणूस कामावर जातो, जेवतो, भांडतो, लग्नात पंगतीला वाढतो. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं.

आता पायाचं सांगते.

२०१७ चा पावसाळा. हे संध्याकाळी कामावरून आले आणि स्वयंपाकघरातनं पाणी प्यायला गेले. मी भाकरी करत होते, पाठमोरी. ह्यांच्या चालण्याचा आवाज येत होता, टिक, टिक, टिक. फरशीवर काहीतरी लोखंडी वाजतंय असा. घरात चपला घालून फिरायची ह्यांची वाईट सवय, त्यावरून बोलायला मी वळले आणि म्हणलं, अहो चपलेला काय अडकलंय का बघा. हे उभ्या उभ्या पाय वर करून बघतात तर चपलेच्या तळात खिळा, डोकं झिजून चकचकीत झालेलं. म्हणजे दिवसभर तो रस्त्यावर घासत होता. चपल काढायला गेले तर निघेना. पायालाच लागून आली. खिळा चपलेतून आरपार करंगळीच्या खाली गेला होता, मोजे लाल, आतलं रक्त वाळून काळं पडलेलं. आणि हे माझ्याकडं बघतायत, मी ह्यांच्याकडं. "अगं मला काहीच लागलं नाही," असं म्हणले, आणि खोटं बोलत नव्हते. सकाळी सातपासून पायात खिळा घेऊन तो माणूस काट्यावर उभा होता.

मी त्या दिवशी घाबरले ते रक्ताला नाही. लहान पोराला काटा टोचला तरी घर डोक्यावर घेतं, आणि ह्यांच्या पायात दोन इंच लोखंड आणि कळलं नाही, ह्याला.

हळद दाबली, टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं, आणि चार दिवस बरं वाटतंय म्हणून घरीच. पाचव्या दिवशी करंगळी काळी-निळी. मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला, मग एक पातळसा नायलॉनचा दोरा काढला, कंगव्याच्या दातासारखा ताठ, आणि ह्यांना म्हणले डोळे मिटा, जिथं लागेल तिथं हो म्हणा. तो दोरा तळव्याला टेकवून जरासा वाकेपर्यंत दाबायचा, १० ग्रॅमचा दाब पडतो त्यानं. डॉक्टर टेकवतायत, अंगठ्याला, मधल्या बोटाखाली, टाचेकडं, आणि हे गप्प. मी शेजारी उभी, मला दिसतंय दोरा वाकलाय, आणि हे शांत डोळे मिटून बसलेत, "कधी चालू करताय डॉक्टर?" म्हणले. माझ्या पोटात गोळा आला.

त्याच दिवशी सगळ्या तपासण्या झाल्या. उपाशीपोटी शुगर १३१. आणि एचबीएवनसी ९.२.

हे एचबीएवनसी आम्ही तोपर्यंत कधी केलंच नव्हतं. चार-पाचशे रुपये लागतात म्हणून. मी विचारलं, डॉक्टर १३१ म्हणजे बरी आहे की मग? तर ते म्हणले, ताई १३१ ही आज सकाळची, ९.२ ही तीन महिन्यांची. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, रक्तात जेवढी साखर फिरते तेवढी तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, आणि चिकटलेली निघत नाही. त्यामुळं दोन दिवस भात सोडून १३१ आणता येते, ९.२ चं काही करता येत नाही. ९.२ म्हणजे रात्रंदिवस सरासरी २१७ च्या आसपास. ७ म्हणजे १५४ च्या आसपास, तेवढ्यावर ठेवायला पाहिजे होती.

हे ह्यांना एका झटक्यात समजलं, मला समजायला वेळ लागला. म्हणले, "म्हणजे हंगामाचा उतारा की." उतारा म्हणजे उसातनं किती टक्के साखर निघाली ते. आमच्या भागात कुणालाही विचारा, कारखान्यात एखाद्या दिवशी साडेबारा उतारा लागला म्हणून त्या दिवसाच्या उताऱ्यावर उसाचं बिल निघत नाही, अख्ख्या हंगामाची सरासरी धरतात. चांगला ऊस एक दिवस आणून गाळला तर एक दिवस आकडा भारी दिसतो, बाकी हंगाम कसा गेला ते सरासरीच सांगते. आयुष्यभर दुसऱ्याचा हिशोब मांडणारा माणूस स्वतःच्या अंगाचा मात्र एका सकाळचा उतारा दाखवत बसला.

करंगळी काढावी लागली. पाय वाचला. डोळ्याचे डॉक्टर म्हणले पडद्यावर बारीक रक्तस्राव आहेत, बाहुली मोठी करायचे थेंब घालून बघितलं तेव्हा दिसले, ह्यांना वाचायला बिचायला काहीच अडचण नव्हती. लघवीत प्रोटीन, ३० च्या आत पाहिजे ते १८०. म्हणजे डोळा, किडनी, पाय, तिन्हीकडं एकदम. सूनबाई म्हणाली असं कसं एकदम झालं, तर एकदम नव्हतंच झालं. डोळ्याच्या पडद्यातल्या, किडनीच्या गाळणीतल्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक, त्या पहिल्यांदा खराब होतात. आणि नसांमध्ये सगळ्यात लांब नस पायाच्या बोटांना जाते म्हणून बधिरपणा तिथून सुरू होतो, मग वर चढतो. आठ वर्षं चाललं होतं ते. त्यात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानंही पायाला मुंग्या, बधिरपणा येतो, ते पण तपासून घ्यायचं असतं, ह्यांचं कमीच निघालं. हे पण कधी कुणी बघितलं नव्हतं.

मी मुलाला तेव्हा एकच विचारत होते, आता कंट्रोल केली तर मागचं पुसलं जाईल का रे. त्यानं तोंड वाकडं केलं आणि मला इंग्लंडचा एक अभ्यास सांगितला, यूकेपीडीएस म्हणतात त्याला. १९७७ ला सुरू झाला, नव्यानं शुगर निघालेली ५,१०२ माणसं. काहींची शुगर कडक सांभाळली, काहींची त्या काळच्या पद्धतीनं. दहा वर्षांची सरासरी एकाची ७.० आणि दुसऱ्यांची ७.९, म्हणजे फरक बघितला तर एक टक्का पण नाही. पण १९९८ ला निकाल लागला तेव्हा डोळा-किडनी वगैरे बारीक रक्तवाहिन्यांचे आजार पहिल्या गटात चतुर्थांशानं कमी. खरी गंमत पुढं आहे. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांचे आकडे सारखे झाले, कडक-बिडक काही राहिलं नाही, तरी पुढच्या दहा वर्षांत पहिल्या गटाचा फायदा टिकून राहिला, उलट हार्ट अटॅक आणि मरण पण त्यांच्यात कमी झालं, २००८ ला छापून आलं ते. म्हणजे सुरवातीची वर्षं शरीर लक्षात ठेवतं, चांगली पण आणि वाईट पण. आमची सुरवातीची आठ वर्षं श्रीखंडात गेली. हे ऐकून मी त्या रात्री जेवले नाही, उगीच खोटं कशाला बोलू.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर वाचणारे उद्यापासून उपाशी बसतील. आमचे हे स्वभावानं टोकाचे. करंगळी गेल्यावर ह्यांनी ठरवलं की आता तीन महिन्यांचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, सहाच्या खाली आणून दाखवतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं सावकाश, आधी डोळ्याला लेसर होऊ द्या, वर्षानुवर्षं वर असलेली शुगर एकदम खाली ओढली तर डोळा सुरवातीला जास्त बिघडू शकतो. ऐकतंय कोण. ग्लिमेपिरायड ही शुगर उतरवणारी गोळी घ्यायचे आणि रात्री जेवायचे नाहीत. एका रात्री तीन वाजता मला जाग आली, गादी ओली, मला वाटलं पाणी सांडलं. ह्यांना दरदरून घाम, हाक मारली तर भलतंच बोलतायत, कुठला तरी ट्रॅक्टर काट्यावरून खाली घ्या म्हणून. मशीन लावलं तर ५२. सत्तरच्या खाली गेली की धोका, एवढं तोवर शिकले होते. शुद्धीत होते, गिळत होते म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, परत पाजली, मग भाकरी-दूध. माणूस गिळत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

मुलगा मग लय चिडला. म्हणला बाबा, अमेरिकेत दहा हजारांवर माणसांवर हाच प्रयोग झालाय, अ‍ॅकॉर्ड म्हणून, शुगर सहाच्या खाली आणायचीच असा, आणि त्या कडक गटात माणसं जास्त मरायला लागली म्हणून २००८ ला मध्येच थांबवला. तरण्या माणसाला नुकतीच निघाली असेल तर साडेसहा-सात बरोबर, पण आमच्या शेजारच्या काकूंचं वय ८२, एकट्या राहतात, त्यांच्या डॉक्टरांनी आठ चालेल म्हणून सांगितलंय. एकच आकडा सगळ्यांना नाही. रक्त कमी असेल किंवा नुकतंच रक्त भरलं असेल तर एचबीएवनसी पण चुकीची येते, सिकलसेल असेल तर हमखास, तिकडं नंदुरबार-गडचिरोलीकडं हे लक्षात ठेवायला पाहिजे. म्हणजे हा आकडा पण काही देव नाही.

आता शिबिरवाल्यांना आणि तुम्हाला म्हणजे पेपरवाल्यांना काय सांगायचंय ते सांगते.

शिबिरवाल्यांनो, सुई टोचताय ते टोचा. पण ज्याला आधीच शुगर आहे त्याला तो एक आकडा देऊन "कंट्रोल" म्हणून घरी पाठवू नका. त्याला विचारा तीन महिन्यांचा कधी केलास, डोळ्यात थेंब घालून कधी बघितलं, लघवीतलं प्रोटीन कधी बघितलं. आणि चपला काढायला सांगा. पाय बघायला मशीन लागत नाही, तो दोरा पण लागत नाही. मिरजेच्या एका नर्सबाईंनी मला शिकवलंय, त्याला इप्सविच टच टेस्ट म्हणतात, इंग्लंडातल्या गावाच्या नावावरून. माणसाला आडवं झोपवायचं, डोळे मिटायला लावायचे, आणि आपलं बोट त्याच्या पायाच्या बोटांच्या टोकाला नुसतं टेकवायचं, अंगठा, मधलं बोट, करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, एक-दोन सेकंद नुसतं बोट टेकवायचं. सहातली दोन ठिकाणं कळली नाहीत तर पाय डॉक्टरला दाखवायला पाहिजे. अर्धा मिनिट लागतं, पैसा शून्य. आमच्याकडं आता पाचच ठिकाणं उरलीत, त्यावरून हे हसतात, मला अजून जमत नाही.

आणि तुम्हाला विनंती, तुमच्या पेपरात त्या "शुगर मुळापासून गायब, गोळ्या बंद" असल्या जाहिराती येतात, त्या जरा बघून घ्या. आमच्या गल्लीत एकानं तसलं काढं चालू करून गोळ्या सोडल्या, तीन महिन्यांनी ११.८ निघाली. कारलं खावा, मेथी खावा, कोण नको म्हणतंय, पण गोळीच्या बदली नाही. आणि इकडं गुऱ्हाळाचा भाग असल्यामुळं अजून एक खूळ आहे, साखर नको पण गूळ चालतो, तो नैसर्गिक आहे. ऊस पण नैसर्गिकच आहे की. रक्तात गेल्यावर तिथं कुणी विचारत नाही तू गुऱ्हाळातनं आलास का कारखान्यातनं. तसंच इन्सुलिन सांगितलं की लोक रडायला लागतात, शेवटची स्टेज आली म्हणून. ह्यांना ऑपरेशनच्या वेळी चार महिने इन्सुलिन होतं, जखम भरली, शुगर बसली, मग बंद पण झालं.

माझी धाकटी बहीण गोव्यात दिली आहे. तिच्या घरात सासू, नवरा, दीर, तिघांना शुगर, आणि ती म्हणते त्यात काय, इकडं सगळ्यांनाच असते. खरंच आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३ ला जो अहवाल आला त्यात देशात १०.१ कोटी लोकांना शुगर आणि गोवा सगळ्यात वर, २६.४ टक्के. सगळ्यांनाच असते म्हणून कुणीच बघत नाही, असं झालंय. मागच्या महिन्यात ती माहेरी आली तेव्हा तिच्या नवऱ्याला सोफ्यावर आडवं करून मीच बोटं टेकवली. आधी लाजत होता, मेहुणीनं पायाला हात लावायचा म्हणून. सहापैकी तीन ठिकाणी गप्प. उठून बसला आणि म्हणाला ताई परत एकदा करा, माझं लक्ष नव्हतं. परत केलं. परत तीनच.

आमच्या ह्यांची आता ७.१ असते, कधी ७.३. लेसर झाल्यामुळं डोळा आहे तिथं थांबलाय, लघवीतलं प्रोटीन औषधानं आणि बीपी सांभाळल्यानं खाली आलंय. चपला घालायच्या आधी उलट्या करून आपटायच्या, आत हात फिरवायचा, रात्री तळवा आरशात बघायचा, हे आमच्याकडं दिवा लावण्यासारखं झालंय. श्रीखंड दिवाळीत दोन चमचे दिलं. लॅबला जायच्या आधी दोन दिवस आता भात बंद नसतो, त्याचा काही उपयोग नाही हे ह्यांना पटलंय. गुडघा दुखतोय म्हणून चालणं कमी झालंय, त्यावरून आमची रोज वादावादी असते, ते जाऊ द्या.

१४ तारखेला मी त्या शिबिराला जाणार आहे. शुगर बघायला नाही. तिथं टेबलावर जो मुलगा बसेल ना मशीन घेऊन, त्याला चपला काढायला लावून त्याच्याच पायावर ही सहा बोटं दाखवणार आहे, म्हणजे दिवसभरात तो बाकीच्यांची करेल. केली नाहीत तर बाजूला खुर्ची टाकून मी करीन, पायाला हात लावायला मला लाज नाही वाटत.

आपली,
एक नियमित वाचक,
ता. पलूस, जि. सांगली